बोकडाच्या भारोभार राजा

आषाढ लागला की आबा, म्हणजे माझे आजोबा, ओसरीत पोथी लावायचे आणि पोथी लागली की मला राजा व्हायची उबळ यायची. बाकीच्या पोरींना पावसाळ्यात खोकला होतो, मला राज्य व्हायचं. राणी हो म्हणून माय समजावायची. पण पोथीतल्या राण्यांचं काम मी नीट ऐकून ठेवलं होतं. रुसायचं, वर मागायचा, आणि मग पदर भिजेस्तोवर रडायचं. एवढ्यासाठी मुकुटाचं ओझं कोण वागवील? राजाचं तसं नाही. राजाला हत्ती असतात, घोडे असतात, आणि मुख्य म्हणजे बसल्या जागेवरून त्याला कोणी उठ म्हणत नाही. मी तेव्हा चौथीत असेन. तोंडाळ, हट्टी, नाक सदा वाहतं. माझी नात विचारते, आजी, तू लहानपणी कशी होतीस? मी सांगते, फार गुणी होते. हे प्रकरण तिच्या हाती लागू द्यायचं नाही असं ठरवून लिहायला बसले आहे.

तीर्थपुरीच्या अलीकडे आमचं गाव. घर माळवदाचं. पावसात कुठून गळेल त्याचा नेम नसे, म्हणून ओसरीभर पातेली मांडलेली आणि त्यांत वेगवेगळ्या सुरात थेंब पडायचे. दिवेलागणीला आबा पाटावर बसायचे, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा, समोर कंदील. आत माय चुलीवर भाकरी थापत असायची. तिची थपथप, पातेल्यातली टपटप आणि आबांच्या ओव्या असा सगळा मिळून एक ठेका व्हायचा. येसराच्या आमटीचा वास आला की मला पोथीतल्या राजाच्या भटारखान्याचाच वास आला असं वाटायचं. आबा एकेक ओवी वाचून अर्थ सांगायचे, आणि अर्थ सांगताना कुठल्याही राजाला दोन शिव्या दिल्याशिवाय त्यांना पुढं जाता येत नसे. राजानं शिकारीला जायचं ठरवलं की म्हणायचे, "निघालं येडं."

ओढ्यापलीकडे बौद्धवाडा होता, आणि त्याच महिन्यांत तिथं विहारात वर्षावासाचं वाचन चाले. वाचायचे मास्तर, आमच्या शाळेतले गुरुजी. त्यांची मुलगी कुसुम माझ्या वर्गात, माझ्या बाकावर. वारं पूर्वेकडून असलं की मास्तरांचा आवाज आमच्याकडे यायचा, पश्चिमेकडून असलं की आबांच्या शिव्या तिकडे जायच्या. सकाळी शाळेच्या वाटेवर आम्ही दोघी रात्रीचा माल बदलून घ्यायचो. एक राजा दे, एक राजा घे. घरच्या रिवाजाची गोष्टही इथंच सांगून टाकते, कारण पुढं ती लागणार आहे. माझी आजी, जिला आम्ही मोठी माय म्हणायचो, तिला कुसुम अंगणापर्यंत चालायची, ओसरीच्या पायरीपासून पुढं चालायची नाही. कुसुम अंगणात उभी राहून मला हाक मारायची, आणि ती हाक मात्र थेट चुलीपर्यंत जायची.

आबांनी एकदा सांगितलं की राजाच्या अंगात आठ देवांचे अंश असतात. इंद्र, वारा, यम, सूर्य, अग्नी, वरुण, चंद्र, कुबेर. मला रात्रभर दम निघाला नाही. आबा गावचे पाटील, म्हणजे आठ देव आमच्या घराण्यात वाहत आलेलेच. सकाळी वाटेवर मी कुसुमला माझा सगळा नकाशा समजावून दिला. अग्नी पोटात आहे, कारण मला भूक लई लागते. यम नखांत आहे, हे वर्गातल्या पोरांना ठाऊक आहे. वरुण म्हणजे पाण्याचा देव, तो कुठं असावा याचा विचार चालू होता, तेवढ्यात कुसुम माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आठ देव हायेत तर त्यातल्या एकाला सांग ना नाक पुसायला."

मग तिनं तिचा राजा काढला. त्यांच्या गोष्टीत सुरुवातीला राजा नव्हताच. माणसं भात खायची, मजेत राहायची. मग कोणी बांध घातले, कोणी दुसऱ्याचं भात चोरलं, काठ्या निघाल्या. तेव्हा सगळे एका जागी बसले आणि आपल्यातलाच एक बरा माणूस त्यांनी निवडला. तू शेतं राख, भांडणं मिटव, आम्ही आमच्या भातातला वाटा तुला देऊ. तो जगातला पहिला राजा. मी म्हणाले, हा तर जागल्या झाला. हां, जागल्याच, कुसुम म्हणाली, आन काम नीट केलं न्हाई तर वाटा बंद. मला हे राज्य बिलकुल पसंत पडलं नाही. पण शाळेमागच्या बोरीखाली कुसुमनं पोरापोरींना गोळा करून विचारलं की राजा कोणाला करायचं, तेव्हा हात माझ्याच नावानं वर झाले, कारण आमच्या घरी शेंगदाण्याचं पोतं उघडं असतं आणि राजा परकराच्या ओच्यात भरून आणतो हे सगळ्यांना माहीत होतं. अशा रीतीनं मी जन्मानंही राजा आणि शेंगदाण्यानंही राजा. निवडणुकीची रीत त्यानंतर फार बदललेली मला तरी दिसली नाही.

आता बोकडाकडे वळते. आदल्या वर्षी मला मुदतीचा ताप आला होता. माणूस ओळखू येईना इतका. तेव्हा मोठ्या मायनं गावाबाहेरच्या पिराला नवस बोलला होता, पोरगी उठून बसू दे, कंदुरी करीन. कंदुरी म्हणजे पिराला बोकड द्यायचा, मटन शिजवायचं आणि सगळ्या गणगोतानं जेवायचं. मी उठून बसले, आणि घरात एक काळं करडू आलं. आबांनी त्याचं नाव जहागीरदार ठेवलं, कारण कोणाच्याही रानात ते स्वतःचंच असल्यासारखं शिरायचं. मोठी माय त्याला हातानं तुरीचा भुसा, सरकी, कोवळा हरभरा चारायची, आणि चारताना त्याच्याशी बोलायची, की बाबा, तू हायेस म्हणून माझी पोरगी हाय. दिवाळी झाली, कापूस घरात आला, की त्याचा गुरुवार ठरलेला होता. हे मला माहीत होतं आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं. खोटं कशाला बोलू? बोकड म्हणजे चालतं-फिरतं कालवण, असंच मी धरून चालले होते.

श्रावणात आबांनी शिबी राजाची गोष्ट वाचली. एक कबुतर घाबरून राजाच्या मांडीवर येऊन पडतं, मागून ससाणा येतो आणि म्हणतो, माझं खाणं दे. राजा म्हणतो, शरण आलेल्याला देणार नाही, त्याच्या भारोभार माझं मांस घे. तराजू आणतात. राजा मांस कापून टाकतो आणि कबुतर जडच होत जातं. शेवटी राजा स्वतःच पारड्यात बसतो. या राजाला आबांनी शिवी दिली नाही. चष्मा काढून पुसला फक्त. मी सकाळी धावतच कुसुमला गाठलं, तर ती मला बघून आधीच सुरू झाली, एक शिबी नावाचा राजा होता. माझा राजा चोरला म्हणून मी तिची वेणी धरली. तिनं माझा कान धरला. आमचा हाय, न्हाई आमचा हाय, असं करत आम्ही दोघी तशाच वर्गात गेलो. मास्तरांनी आधी दोघींचे हात सोडवले. मग सांगितलं की तो दोन्हीकडं आहे, त्यांच्याकडं तर तो मागच्या एका जन्मातला बोधिसत्त्व. मला वाटलं होतं ते म्हणतील अमक्यांचा खरा. ते म्हणाले, ज्याला जमंल त्याचा.

आता असं वाक्य नाक वाहणाऱ्या राजापुढं बोलायचं असतं का?

त्याच आठवड्यात जहागीरदार माझ्या मांडीवर आला. झालं असं, की गावचे मुलाणी चांदभाई, ज्यांच्या हातून कंदुरी व्हायची, ते सहज अंगणात आले आणि बोकडाच्या पाठीवर हात फिरवून किती भरलाय ते बघू लागले. जहागीरदारानं झटका दिला, दावं सोडवलं, आणि सरळ ओसरीत येऊन माझ्या ओच्यात तोंड खुपसलं. ओच्यात शेंगदाणे होते. आज मला कळतं की तो शेंगदाण्यांना शरण आला होता. तेव्हा मला आठही देव अंगात फिरल्यासारखे वाटले. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, भिऊ नको, मी तुला देणार न्हाई. कुसुम अंगणातच उभी होती. तिनं ऐकलं. आणि कुसुमनं एखादी गोष्ट ऐकली की ती पुढं मोडता यायची नाही.

दसऱ्यानंतर कापूस तोलायचा मोठा काटा ओसरीला लागूनच्या छपरीत टांगला गेला. जाड आडवी दांडी, दोन्हीकडं साखळ्यांना लाकडी फळ्यांची पारडी. घरचे रानात असताना आम्ही जहागीरदाराला तुरीच्या डहाळीच्या लालचीनं एका पारड्यात चढवलं आणि दुसऱ्यात मी बसले. बसले कसली, आभाळात गेले. वरून मला मोठ्या मायचा वाळत घातलेला पापड दिसला. खालून कुसुम म्हणाली की दोनच रस्ते हायेत, एक तर मांडी काप, न्हाई तर जड हो. मी जड व्हायचं ठरवलं.

मग सुरू झालं माझं खाणं. सकाळी धपाटे आणि दही, शाळेतून आल्यावर भाकरी, ठेचा, वर तेलाची धार. दुपारी तीळ आणि गूळ, रात्री आमटी-भाकरी कुस्करून वाडगाभर, त्यावर दूध. माय आधी खूश झाली, मग तिला शंका आली, मग तिनं माझी दृष्ट काढली. घरचं कमी पडलं की मी ओढा ओलांडून कुसुमकडे जायचे. तिची आई मुगाचं वरण आणि ज्वारीच्या कण्या अशा रांधायची की बोट चावून घ्यावं. पहिल्या दिवशी मी ताटावर बसताना मोठेपणानं जाहीर केलं, राजाला सुतक नसतं, सोयर नसतं, तसा विटाळही नसतो, आबांनी वाचलंय, म्हणून मी इथं जेवू शकते. कुसुम वाढता वाढता थांबली. "माणसाच्या घरी जेवायला राजा कामून व्हावं लागतंय?" असं म्हणाली आणि कण्या वाढल्या. मी लगेच मोठा घास घेतला. तोंड भरलेलं होतं म्हणून बरं.

घोटाळा एकच होता. मी जितकी खात होते, तितकं मोठी माय जहागीरदाराला चारत होती. वर, तो आता माझा शरणागत. मग राजानं एकट्यानं धपाटे खायचे आणि शरणागतानं बघत बसायचं? मी निम्मे त्याला द्यायचे. कुसुमनं कपाळाला हात लावला. ती म्हणाली, तू त्याला वाचवून राह्यली का मुलाण्यासाठी तयार करून राह्यली? दर रविवारी आम्ही चोरून तोलायचो. दर रविवारी मी वरच. फक्त आता पापड दिसायचे नाहीत, ओसरीतला आबांचा पाटच दिसायचा, म्हणजे प्रगती होती.

आणि तो गुरुवार आला. गणगोत बैलगाड्यांनी येऊन उतरलं. त्यांत परतूरचे आतोबा, माझ्या आत्याचे यजमान, घरचे जावई. परतूरच्या बाजारात त्यांची अडत होती, मटनावर त्यांचं मन होतं, आणि सासुरवाडीला ते याच दोन गोष्टी बोलायचे. अंगणात तीन दगडांच्या चुली मांडल्या, बायका मसाला वाटायला बसल्या, खोबरं भाजल्याच्या वासानं मला भूक लागली आणि भूक लागली म्हणून रडू आलं. चांदभाई हात धुऊन आले. मोठी माय दावं सोडायला गेली, तर गोठ्यात दावं होतं, बोकड नव्हता. तो छपरीत होता, काट्याच्या पारड्यात, पाय बांधलेला, पुढ्यात डहाळी. दुसऱ्या पारड्यात मी, डोक्याला आबांचा जुना पटका. आणि माझं पारडं वर.

पुष्कळ दिवस पाठ केलेलं भाषण मी सुरू केलं. की हा बोकड मला शरण आला आहे, मी राजा आहे, याच्या भारोभार होईन आणि मग पिराला पाहिजे तर मला न्या. अंगण हसून हसून लोळलं. आबा मात्र हसले नाहीत, ते काट्याच्या दांडीकडं बघत होते. आतोबा पुढं आले, अडत्याच्या नजरेनं दांडी बघितली आणि म्हणाले, बोकड जड हाय, माल पास, उतरवा. मला वाटलं, आता गोष्टीतल्यासारखे देव प्रकट होतील. मी वर बघितलं. छपरीच्या वाशावर एक पाल होती. मग मी मांडीला चिमटा घेऊन बघितला, कापलं तर किती दुखेल, आणि मला ते इतकं दुखलं की मी भोकाड पसरलं. शिबी राजाचं राज्य तिथं संपल्यात जमा होतं.

कुसुम नेहमीप्रमाणे अंगणात उभी होती. ती चालत आली. ओसरीची पायरी चढून छपरीत आली. आमच्या घराच्या त्या पायरीवर सगळ्यांदेखत तिचा पाय मी पहिल्यांदा बघितला. बायकांचे वाटतानाचे हात थांबले. ती माझ्या पारड्यात चढून माझ्या मांडीला मांडी लावून बसली, आणि आमचं पारडं धाडकन जमिनीला टेकलं. जहागीरदार वर गेला, डहाळीसकट, आणि वरूनच ओरडला.

आतोबांचा धंदाच खवळला. "हे बराबर न्हाई. काट्यावर दुसरा माल चढवता येत नसतो."

"दुसरा न्हाई," कुसुम म्हणाली. "राजा आम्ही निवडलेला हाय. निवडणाऱ्याचा भार त्याच्यातच धरायचा असतो."

आबांनी चष्मा काढला. मला वाटलं पुसतील, पण ते तोंडावर पटका धरून हसत होते. असला नियम आतोबांच्या अडतीत नव्हता. सगळे मोठ्या मायकडं बघू लागले. नवस तिचा होता, बोकड तिचा होता, पायरीही तिचीच होती. ती माझ्याजवळ आली. तिचा चेहरा मी तापात बघितला होता तसाच झाला होता. हळूच, फक्त मला ऐकू यावं असं ती म्हणाली, "आन ताप पलटला तर मी कोणाकडं बघू गं?"

मला तोवर माहीतच नव्हतं की ती वर्षभर एवढी भ्यालेली होती. तिनं माझा दंड हातात धरला. दंड तिच्या मुठीत मावेना. तिनं गाल चाचपला, मग पोट. मग टेकलेल्या पारड्याकडं बघितलं. आणि तिच्या तोंडावरचं सावट असं उतरत गेलं की काय सांगू.

"हिला आता कुठला ताप उचलून नेतो," ती म्हणाली. मग मुलाण्याकडं वळली. "चांदभाई, पिराला मलिदा चालंल का?"

चांदभाईंनी सुरी कापडात गुंडाळायला घेतलीच होती. "चालंल म्हंजे? बकरं आपून खातो माय. पिरानं कवा खाल्लं?"

मलिदा म्हणजे भाकरी-पोळी बारीक कुस्करून त्यात गूळ-तूप. मोठ्या मायनं सांगितलं की बोकडाच्या भारोभार मलिदा करायचा, बोलल्यापेक्षा कमी द्यायचं नाही. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की त्याला निम्मे धपाटे घालून मी मायवर किती भाकऱ्यांचा भार टाकला होता. मसाल्याचे पाटे उचलले गेले, पराती आल्या, घरातल्या गुळाच्या ढेपा निघाल्या. आतोबा ओसरीच्या खांबाला टेकून बसले आणि जो भेटेल त्याला म्हणत राहिले, माणूस परतूरहून गोड खायला येतो का? आत्यानं त्यांना पुढं आयुष्यभर यावरून छळलं, कारण त्या दिवशी तीनदा मागून घेऊन मलिदा खाल्ला तो त्यांनीच.

मोठी माय परातीपुढं बसली. पहिली भाकरी मोडली. मग मान वर न करता म्हणाली, "कुसे, हात धू आन इकडं ये. जल्दी. मला एकटीला होणार न्हाई हे."

कुसुम पारड्यातून उतरली. ती उतरताच जहागीरदार खाली आणि मी पुन्हा वर. त्या गडबडीत राजाला उतरवायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. वरून मला दोघींची डोकी दिसत होती, एक पांढरं, एक तेल लावून चापून बसवलेलं, एकाच परातीवर वाकलेली. मोठी माय सांगत होती, बारीक कर, खडे ठेवू नको. कुसुम सांगत होती, आमच्या घरी याच्याहून बारीक करतेत. मोठी माय म्हणाली, मंग कर की, तोंडानं कामून करून राह्यली? मी दोन-तीनदा खाकरले. कोणी बघितलं नाही. तेवढ्यात आबांनी बोकडाच्या पायाची दोरी सोडली. त्याला गुळाचा वास आला आणि त्यानं परातीच्या दिशेनं उडी मारली. मी पटक्यासकट खाली आदळले.

"पडली का?" मोठी माय तशीच पाठमोरी म्हणाली. "उठ. हात धुऊन ये, लई भाकऱ्या राह्यल्यात."

मी हात धुतले, नाकही धुतलं, आणि परातीशी जाऊन उभी राहिले. बसायला जागा नव्हती. कुसुम थोडी सरकली.